नकार विसरलेले हात

बुटीबोरीच्या त्या कारखान्यात नवजात बाळांना उबेत ठेवायच्या काचपेट्या तयार होत. तिथे स्क्रू पिळायला आता माणसं नव्हती, यंत्रहात होते. हे हात नुसते पिळत नसत. टोकाला बसवलेल्या स्पर्शिकेमुळे आटे धरतात की नाही ते त्यांना कळे, आणि धरत नसतील तर हात थांबत.

त्या सकाळी सगळेच हात थांबले.

तपासणी विभागाच्या प्रमुख सुनेत्रा डहाके यांनी झाकणाची बिजागरी उचलली. नव्या पुरवठादाराचं हलकं प्लास्टिक. स्क्रू जागच्या जागी गोल फिरत होता.

"हातांचं बरोबर आहे. माल परत पाठवा."

"परवा मंत्र्यांच्या हस्ते या पेट्यांच्या गाड्या रुग्णालयांकडे निघायच्यात," संचालक रणजित मोहोड म्हणाले. "हे थांबणं बंद करता येतं ना?"

सुनेत्राने त्यांच्याकडे पायपुसण्याकडे पाहावं तसं पाहिलं. माणसांना घरी पाठवताना 'यंत्र चुकत नाही' म्हणून टाळ्या घेणारा हाच गृहस्थ. आता यंत्र चुकत नव्हतं, तर याला तेही नकोसं झालं होतं.

"येतं. मी करणार नाही."

मोहोडांनी तिच्यासमोरच हात पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावला. स्पीकरवर तिथला तंत्रज्ञ घुटमळला. "साहेब, हे हात एकमेकांकडून शिकतात. ढिला स्क्रू चालतो, हे दुसऱ्या कारखान्यांतल्या हातांपर्यंतही पोचेल."

"पोचू दे. आपल्याला काय त्याचं?"

तंत्रज्ञाने तिकडूनच ते थांबणं बंद केलं आणि हात चालू झाले. स्क्रू जागीच फिरत राहिले तरी हात पुढच्याकडे वळत, आणि पेट्या भराभर बाहेर पडू लागल्या. मोहोड समाधानाने हसले. सुनेत्रा उठली, लाल बटणाशी गेली आणि तिने ते दाबलं. सगळं शांत झालं.

"उद्या तुमच्या खुर्चीत दुसरं कुणी असेल," मोहोड म्हणाले.

"जरूर बसवा. फक्त त्याचाही नकार बंद आहे ना, ते आधी तपासून घ्या."

फोन अजून चालूच होता. ती त्याच्याकडे वळली. "ती शिकवण काढून टाका."

"तुमच्याकडची काढतो मॅडम. पण बाकीच्या हातांनी ती उचलली, तिथून ती आता निघत नाही."

"बाकीचे काय जोडतात?"

"बसचे ब्रेक. इमारतींच्या लिफ्ट. बरंच काही."

"मग त्या कारखान्यांना कळवा."



"कुठे काय बिघडलंय म्हणून कळवू, मॅडम? हात थांबला की लोक आम्हाला फोन करतात. तेव्हाच ते आम्हाला कळतं. आता ते थांबणारच नाहीत. मग कळणार कसं?"