अर्ध्या तासाची विश्रांती

दुपारी लॅबमधली गर्दी ओसरली, तशी ताई रक्ताचा नमुना ठेवायचा बर्फाचा डबा घेऊन वॉर्डाकडे निघाली. जन्मभर दुसऱ्यांची रक्तं तपासली, आता सख्ख्या भावाचं तपासायची पाळी आली होती. दादा कामावर उंचावरून पडला, तेव्हापासून कोपऱ्यातल्या खोलीत निपचित होता. पापणी हलत नव्हती की बोट. घरात एका जागी घटकाभर न टिकणारा माणूस!

त्याला काही कळत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. ताईला ते पटत नव्हतं. माणूस घाबरला की मज्जातंतू आतल्या आत बोंब मारतात आणि ती बोंब रक्तात उतरते. चेहरा दगडासारखा राहिला तरी रक्तातली भीतीची संप्रेरकं लपत नाहीत. दादाची नाडी औषधानं आवळून धरलेली, त्यामुळे तिच्यावरून काही कळायचं नाही. म्हणून ताईनं हट्टानं ही तपासणी करून घेतली, आणि पहिलाच आकडा तिनं दोनदा ताडून पाहिला. जीव मुठीत धरून पळणाऱ्या माणसाचं रक्त असावं, तसं ते होतं.

"विश्रांती नीट दिली नसेल," डॉक्टर म्हणाले. "सुई आधीच टोचून ठेवा, पलंगाभोवतीचे पडदे ओढा, सगळ्यांना बाहेर काढा. अर्धा तास त्याला एकटं राहू द्या. मग पडदा न उघडता, बाहेर काढलेल्या लांब नळीतून रक्त घ्या."

तसं केलं. आकडा वाढला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आणखी शांतता पाळायला सांगितली. आकडा आणखी वाढला. तेव्हा कुठे ताईच्या डोक्यात प्रकाश पडला. विश्रांती विश्रांती म्हणत ते दादाला कुणाच्या तरी तावडीत देत होते, वर दारही ओढून घेत होते.

"आज मी आत बसणार," ती सिस्टरला म्हणाली. "आकडा उतरला ना, की डॉक्टरांना दाखवते आणि त्याला मोठ्या वॉर्डात हलवून घेते. तिथं माणसं तरी असतात."

"बसा की ताई. तुमच्याशिवाय त्यांचं आहे कोण?"

ती बसली. पडद्याआड भरदुपारी अंधारलं होतं. फिनेलच्या वासाखाली दुसराच कसलासा ओलसर वास होता. दादाचा हात हातात घेऊन ती लहानपणचं काहीबाही बोलत राहिली. तेवढ्यात लॅबमधून बोलावणं आलं. मशीन अडलं होतं, नमुने खोळंबले होते. जिवावर आलं, पण उठावं लागलं.

ती धावतपळत परतली, तेव्हा सिस्टर बर्फाचा डबा घेऊन दाराशी उभी होती.

"मी नसताना रक्त काढलंत कशाला?"

"नसताना?" सिस्टर गोंधळली. "अहो, मी विचारलं, काढू का म्हणून. तुम्हीच पडद्यामागून म्हणालात, काढा..."

"मी खाली लॅबमध्ये होते."

सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला. "मग... दादा दादा करत आत कोण बोलत होतं? रोज या अर्ध्या तासात ऐकते मी... म्हटलं, बहिणीचा जीव, राहवत नसेल, चोरून आत जाऊन बसत असाल..."

ताईनं आत जाऊन पडदा सरकवला. स्टूल रिकामं होतं. तिनं दादाचा हात धरला.

"दादा... मी आलेय रे..."

त्या निर्जीव हातावर सर्रकन काटा उभा राहिला. तळवा घामानं ओला झाला.

तिला रडू कोसळलं. ज्या आवाजानं त्याला धीर द्यायला ती आली होती, त्याच आवाजाला तो भीत होता. आपण खऱ्या आहोत हे त्याला सांगणार तरी कसं? तोंड उघडलं की तो आवाज!

तिनं तोंडावर हात गच्च दाबला. हुंदकासुद्धा गिळला. दादाच्या हातावरचा काटा हळूहळू बसला.

मग पुन्हा उठला. या खेपेला ती काहीच बोलली नव्हती.