मंग?

जामखेडच्या पेठेत सहादेव शिंप्याचं दुकान होतं, दुकानामागंच घर. संध्याकाळी मशीन थांबलं की तो वाचनालयातलं पुस्तक मोठ्यानं वाचायचा आणि बायको मालन शेजारी बसून सदऱ्यांची काजं करायची. तिला अक्षर येत नव्हतं. दोऱ्याचं टोक तोंडात ओलं करून ती सुईत ओवायची आणि सहादेव दम घ्यायला थांबला की म्हणायची, "मंग?"

एकाहत्तर साली आणलेलं एक पुस्तक भलतंच निघालं. पहिल्याच गोष्टीत तिरडीला खांदा कमी पडतो, तर मेलेला माणूसच उतरून खांदा देतो. सहादेवला ते रुचलं नाही. मरणाची कसली थट्टा? पण पुस्तक खाली ठेववेना. मालन मात्र डोळे पुसत हसली. "आवं, बिचारा! सवताचंच वजन!"

शेवटची गोष्ट राहिली होती. चैत्रात मालन तापानं गेली. अर्धवट काजाचा सदरा सुईसकट खुंटीला तसाच राहिला.

सहादेवचं मोठ्यानं वाचणं तेव्हापासून बंद झालं. वाचनालयाचा निरोप येऊन गेला, तरी पुस्तक परत देववेना. शेवटची गोष्ट तो मनातच वाचायचा. एक माणूस मेलेल्या बायकोला ताट वाढतो आणि ती कालवण अळणी म्हणून भांडते. इथं त्याला हसू फुटायचं, लगेच लिहिणाऱ्याचा राग यायचा, आणि तो पुस्तक मिटायचा. मालन हसली असती का? तेवढंच त्याला कळायला हवं होतं.

एकदा दिवेलागणीला भिंतीपलीकडची गोजरबाई वाटीत कालवण घेऊन आली.

"बरं झालं दाजी, वाचाय लागलात पुन्ना."

"मनात वाचतो, गोजरबाई."

"व्हय. तुमचा आवाज न्हाईच येत." ती अडखळली. "नुसतं 'मंग?' येतं."

ती गेल्यावर सहादेवनं कंदील लावला. पुस्तक उघडून मोठ्यानं वाचू लागला. आवाज चिरकत होता.

गोष्टीत अळणी कालवण आलं. तो थांबला नाही.

शेवटी नवरा चिडून म्हणतो, उद्यापासून तूच कर. बायको पदर खोचून उठते. संपली गोष्ट. सहादेवला शेवट काही पटला नाही.

पलीकडं भाकरी थापायचा आवाज थांबला.

"दाजी," गोजरबाईनं भिंतीआडून विचारलं, "कोन हसलं?"

सहादेवनं कंदील उचलून खुंटीजवळ नेला.

काज पुरं झालं होतं. सुईतल्या दोऱ्याचं टोक ओलं होतं.