तपासणाऱ्याचं नाव

वीज गेली की शिवाजी उद्यमनगरातल्या त्या कारखान्यात रात्रपाळीची माणसं भट्टीपासून लांब, दाराशी येऊन बसत. त्यांच्यात वयानं सगळ्यात मोठे गणपतराव वायरमन. त्या रात्री एका नव्या कामगारानं विचारलं, "काका, कॉम्प्युटरवर प्रभुलिंगचं नाव अजून कशाला ठेवलंय? माणूस जाऊन वर्सं झाली की."

गणपतरावांनी बिडी विझवली. "हसणार न्हाय म्हणत असशिला तर सांगतो. सोमेशनं मला सोता सांगितलंय. आन् त्यो काय पिणारा माणूस न्हवं."

ती रात्र गुरुवारची, २५ नोव्हेंबर २००४. अमावास्या वगैरे काही नव्हती, उलट दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा. रात्री नऊला सोमेश राजारामपुरीतल्या नेट कॅफेतून एक सीडी पिशवीत घालून निघाला. या कारखान्याचे कॉम्प्युटर तो सांभाळायचा आणि गेल्या चार रात्री त्याची झोप उडाली होती.

कारखान्यात गुऱ्हाळाच्या चरकांची दातेरी चाकं ओतली जात. चाकाचं ड्रॉइंग वरच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर असे आणि खालचं मशीन ते तिथून वाचत वाचत लाकडाच्या ठोकळ्यातून साच्याचा नमुना, म्हणजे पॅटर्न, कोरी. दिवसा भारनियमन, म्हणून हे काम रात्रीचं. पण चार रात्री, बरोबर एक चाळीसला, सर्व्हरवरची फाइली पुरवणारी सेवा आडवी व्हायची. मशीन मध्येच थांबायचं. ठोकळा वाया.

दोष माहितीतला होता. नेटवर्कवरून कुणी एक ठरावीक वाकडी विनंती धाडली की ती सेवा आपल्यातच गरगरत बसे आणि मग कुणालाच दाद देत नसे. त्यावरची दुरुस्ती सप्टेंबरातच निघाली होती. सोमेशनं ती दिवाळीनंतर बसवू म्हणून ठेवून दिली होती.

दारातच मालक हंबीरराव भेटले.

"या इंजिनेर. चार ठोकळं खाल्लं तुझ्या सर्व्हरनं. शेळी बी एवढं खात न्हाय."

"मालक, आज होतंय."

"काल बी हेच म्हणालतास. गुऱ्हाळं पेटली तिकडं. सकाळी पॅटर्न दिसला न्हाय तर तू परत येऊ नगंस. मी दुसरा माणूस बघतो."

ते घरी गेले. सोमेशनं सीडी घातली. वाचेना. रुमालानं पुसली, शर्टाला पुसली, तिसऱ्यांदा वाचली. साडेदहाला दुरुस्ती बसायला लागली आणि अकराला वीज गेली. बॅटरी पाच मिनिटं कण्हली आणि मेली. पाऊण तासानं वीज आली तेव्हा अर्धवट बसलेली दुरुस्ती उपसून पुन्हा पहिल्यापासून. मग एका फाइलीवाचून अडलं. मग ती फाइल दुसऱ्या एका फाइलीवाचून. बाराला त्यानं कीबोर्डवर मूठ आपटली. 'एस'ची कळ उडून टेबलाखाली गेली. तो गुडघ्यांवर बसून शोधत असताना मशीनवरचा सयाजी चहा घेऊन वर आला.

"काय हरवलं?"

"अक्कल."

सयाजी हसला नाही. "प्रभुअण्णा हुता तवा असलं हुत न्हवतं," म्हणाला आणि कप ठेवून खाली गेला.

सोमेशला तेच नको होतं. प्रभुलिंग जयसिंगपूरचा, इथला ड्रॉइंगवाला. त्याचा एक नेम होता. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दोन चौकटी असत, 'काढले' आणि 'तपासले'. आपलं काढलेलं आपण तपासायचं नाही, दुसऱ्या कुणाचं नाव पडल्याशिवाय ड्रॉइंग खाली सोडायचं नाही. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याचा फोन आला होता.

"सोमेश, चाकाचं माप चुकलंय. नवं टाकतोय तर सर्व्हर घेत न्हाय. येऊन बघ की जरा."

"उद्या येतो, अण्णा."

त्याच रात्री प्रभुलिंग झोपेतून उठून बसला. 'फाइल ऱ्हायली' एवढंच बोलला आणि गेला. मातीच्या दिवशी त्याची आई शांतव्वा हे सगळ्यांना सांगत होती. वेळही सांगत होती, एक चाळीस. सोमेश मातीहून आला आणि मालकांच्या सांगण्यावरून त्यानं सर्व्हरवरून प्रभुलिंगचं नाव काढून टाकलं. त्याच्या कॉम्प्युटरची डिस्क काढली, वायर गुंडाळली, डबा कोठीत ठेवून कुलूप लावलं. आणि चार रात्रींपूर्वी हंगामाच्या घाईत चाकाचं ते जुनं ड्रॉइंग तसंच मशीनवर गेलं. 'तपासले' रिकामं.

एक पस्तीसला दुरुस्ती बसली. खाली मशीन कोरू लागलं. सोमेशनं सर्व्हरच्या नोंदी पडद्यावर लावल्या.

एक अडतीस.

एक एकोणचाळीस.

एक चाळीस... सेवा पडली नाही. मशीनचा आवाज चालूच. सोमेशनं चार रात्रींनी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

मग पडद्यावर एक ओळ आली.

विनंती. प्रभुलिंग. नाकारली, असे नाव नाही.

त्यानं डोळे चोळले. दुसरी ओळ आली. तीच. तिसरी. कुठल्या कॉम्प्युटरवरून, तेही लिहिलेलं होतं. कोठीतल्या.

इतके दिवस पहिल्याच हाकेला सेवा कोसळत होती. म्हणून काही लिहिलं जात नव्हतं. आता ती उभी होती... आणि हाका मोजता येत होत्या.

बारा. तेरा.

तो उठून कोठीपर्यंत गेला. कुलूप होतं. त्यानं दाराला कान लावला. काही नाही. परत आला.

एकतीस. बत्तीस.

घाई नव्हती. राग नव्हता. ओळीमागून ओळ. नाकारली. नाकारली.

"अण्णा," सोमेश म्हणाला.

ओळी थांबल्या.

त्याला वायर उपटता आली असती. त्यानं हात कीबोर्डवर ठेवले. नाव पुन्हा घातलं. प्रभुलिंग. एन्टर.

...

विनंती. प्रभुलिंग. मान्य.

फाइल उघडली.

...

फाइल लिहिली.

फाइल बंद.

मग काही नाही. खाली मशीन कोरतच होतं... जुनं माप. सोमेश जिन्यावरून ओरडला, "सयाजी, थांबव. नवा ठोकळा लाव. पहिल्यापासून घे."

"अजून एक? मालक मला जित्ता गाडतील."

"माझं नाव सांग."

सकाळी हंबीरराव आले ते शिव्या देतच. तयार पॅटर्न बघून शिव्या थांबल्या. सयाजीनं माप धरलं. दाताच्या बुडाशी चार मिलिमीटर जास्त जाडी होती.

"जुन्या मापाचं चाक चिरलं असतं, मालक," तो म्हणाला. "ऊस घालणाऱ्याचा हात हितंच असतोय, चाकाफुडं."

"कुणी बदललं?" हंबीररावांनी विचारलं. सोमेशनं नोंदींतल्या ओळी दाखवल्या. त्यांनी किल्ली काढून कोठी उघडली. डबा तिथंच. डिस्क नाही. वायर गुंडाळलेली.

मग त्यांनी ड्रॉइंगचा कागद छापून मागवला. कोपरा बघितला आणि सोमेशच्या हातात दिला.

सोमेशनं आयुष्यात कधी ड्रॉइंगची फाइल उघडली नव्हती.

काढले: प्रभुलिंग.

तपासले: सोमेश. २६-११-०४.