डावीकडचा ठिपका

अकरा महिने झाले, हेमलताबाईंनी वाचनपाटी इंटरनेटच्या जाळ्याला जोडली नव्हती. जोडली की वाचनालयाचं पुस्तक आपल्या पायांनी परत जाणार. एकवीस दिवसांची मुदत केव्हाच टळली होती. मिरजेच्या त्या वाचनालयाकडे प्रत एकच. या पाटीतून निघाल्याशिवाय ती दुसऱ्या पाटीत उतरत नसे.

पाटी त्यांच्या यजमानांची, श्रीनिवासरावांची. तिला एक बारीक डोळा होता. वाचणाऱ्याची नजर जिथे रेंगाळेल तिथली अक्षरं किंचित गडद होत. नजर पानाबाहेर गेली, तर त्या बाजूच्या कडेला ठिपका उमटे. नजरखुणा म्हणत त्यांना. उद्या वाचायला बसल्यावर कालचा धागा सापडावा, एवढ्यासाठीच ती सोय. परक्याला कळू नयेत म्हणून फोटोत त्या उतरत नसत, पुस्तक परतलं की पुसल्या जात, आणि पानावरून नवी नजर फिरली की जुनी मावळे.

हे शेवटचं हेमलताबाईंना सात पानं गमावल्यावर कळलं. तेरावा झाल्यावर त्यांनी पाटी उघडली, तर सातही पानांवर डावीकडे ठिपके. डावीकडे म्हणजे कॉटवर बसून त्या वाती वळत, ती जागा. चाळीस वर्षं त्या म्हणत आल्या होत्या, "पुस्तकातून मान वर काढा, घरात माणूस आहे." आणि मान न हलवता हा माणूस बघत होता! पुन्हा बघावं म्हणून त्या मागे गेल्या. ठिपके नव्हते. तिथे आता त्यांचीच नजर होती. पाटी कपाटात गेली ती गेलीच.

आज दुपारी बाबालाल सतारमेकर भिंत चाचपत आले.

"चहा टाका वहिनी. साखर दिसत नाही मला, पण लागत नाही असं नाही."

तीस वर्षं दोघे मित्र एकच पुस्तक पाठोपाठ नेत; आधी श्रीनिवासराव, मग बाबालाल. मग गुरुवारी बाबालालच्या दुकानात, सतारीच्या भोपळ्यांच्या राशीत बसून त्यावर भांडत. "या पुस्तकाचा शेवट वाच, मग भांडू," असं म्हणून श्रीनिवासराव घरी आले, त्याच आठवड्यात गेले.

"डॉक्टर म्हणतो, दिवाळीपर्यंत उजेड पुरेल," बाबालाल म्हणाले. "वाचनालयवाले म्हणतात, पुस्तक बाहेर आहे. बाहेर म्हंजे कुठं, ते मला ठाऊक आहे."

"पाटी वाचून दाखवते की हो मोठ्यानं."

"तिच्या आवाजाला जवारी नाही, वहिनी, तारेची ती गुंज नाही. आन् तीस वर्षं त्याच्या मागनं त्याच वाटेनं चाललो. शेवटच्याला यंत्राचं बोट धरू?"

तेव्हा हेमलताबाईंनी सगळं सांगितलं. बाबालाल ऐकत राहिले. कपात साय धरली.

"म्हंजे मी वाचलं की तो पुसला जाणार."

"हो."

ते उठले. "मग राहू द्या. नजर तर जाणारच आहे माझी."

उंबऱ्यापर्यंत ते पोचले आणि हेमलताबाईंना स्वतःचीच लाज वाटली.

"थांबा बाबालालभाई. कपाटात ठेवून मी तरी कुठे बघतेय त्यांना? वाचा. फक्त ठिपका आला की सांगत जा."

मग रोज दुपारी बाबालाल श्रीनिवासरावांच्या खुर्चीत बसत, पाटी नाकाशी धरून. हेमलताबाई कॉटवर. जातं फिरावं तसं पान फिरे, आणि चिमूटभर पिठासारखा एक शब्द खाली पडे.

"डावीकडं."

वात वळली जाई.

"डावीकडं. दोन येळा."

"बरं."

"उजवीकडं."

"ती खिडकी. दूधवाला आला असेल."

"तरीच. परत डावीकडं आलाय लगेच."

प्रत्येक ठिपका सांगून होईस्तोवर विझलेला असे. एकोणीस दुपारी अशा गेल्या. विसाव्या दुपारी शेवटचं पान आलं आणि बाबालालनी पाटी उजेडाकडे वळवली.

"काय झालं?"

"इथं एक अक्षर गडद नाही, वहिनी. सगळ्या ओळी कोऱ्या. डावी कड मात्र ठिपक्यावर ठिपका पडून बोटभर काळी झालीया."

हेमलताबाईंच्या हातातला कापूस तसाच राहिला.

"शेवट त्यानं वाचलाच नाही," बाबालाल म्हणाले. "मग कुठल्या शेवटावर भांडायचं म्हणत होता ओ?"

बाबालालनी पाटी मांडीवर ठेवली आणि डोळे घट्ट मिटून घेतले, जेवढी शिल्लक आहे तेवढी नजर पानावर सांडू नये म्हणून.

"वहिनी," मिटल्या डोळ्यांनी त्यांनी विचारलं, "वाचू?"