चिमूटभर यीस्ट

सावर्ड्याच्या एसटी स्टँडवर सानवी पावसाची सर ओसरायची वाट पाहत उभी होती, ओढणीत गुंडाळलेलं करडू छातीशी धरून. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "अहो… तुमच्या बाळाने माझं बटण तोडलं."

तिने दचकून पाहिलं. सावळा, उंच तरुण करडाच्या तोंडातून अलगद बटण काढत होता. डोळ्यांत मिश्कील हसू.

"भिंती चाटतं, माती खातं… आता बटणं!" ती ओशाळली. "गुरांच्या नव्या डॉक्टरांकडे नेतेय. कसे आहेत कोण जाणे."

"बरे आहेत," तो गंभीरपणे म्हणाला. "फक्त शर्टाचं बटण तुटलंय."

असा भेटला विनीत.

मुंबईची नोकरी सोडून सानवीने शेळ्या पाळल्या, ते घरात कुणालाच रुचलं नव्हतं. त्यात आईचं दूध तुटल्यापासून करडं वाळत चाललेली. पोटं सुटलेली, पाय काडीसारखे. तिच्या बाबांनी, भिकाजींनी, बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत सुधारली नाहीत तर व्यापाऱ्याला देऊन टाकायची. मग तू परत मुंबईला."

विनीत गोठ्यात आला. जंताचं औषध पाजून झाल्यावर त्याने दोन पुडे काढले. "हे मिनरल मिक्श्चर, हाडांसाठी. आणि हे यीस्ट."

"यीस्ट? पाव भाजायचेत का डॉक्टर?"

"पचन सुधारतं त्याने. रोज, चिमूटभर, खाद्यातून."

पण करडांनी नुसतं हुंगलं नि तोंडं फिरवली. विनीतने चुचकारलं, विनवलं… एक करडू त्याच्या तोंडावर शिंकलं! सानवी खळखळून हसली. मग तिने कोंड्यावर गुळाचं पाणी शिंपडलं, त्यात पूड कालवली. करडांनी घमेलं चाटूनपुसून लख्ख केलं.

"औषध तुमचं, डॉक्टर, पण हात माझा!"

"म्हणूनच तर… बघायला यावं लागेल."

"काय? हात?"

"करडं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

तो येत राहिला. करडांच्या अंगावर तकाकी चढली. त्याची मोटारसायकल वळणावर वाजली, की सानवीचा हात आपसूक केसांकडे जाई.

दिवाळीच्या तोंडावर, बाबांनी आधीच सांगून ठेवलेल्या व्यापाऱ्याचा टेम्पो अंगणात आला. सगळ्यांत मरतुकडं होतं ते करडू टुणकन बॉनेटवर चढलं, तिथून टपावर, आणि तिथून ऐटीत ओरडलं!

"झकास माल आहे," व्यापारी हरखला. "सगळी घेतो."

भिकाजी क्षणभर लेकीकडे बघत राहिले. "विकायची नाहीत. धंदा तिचा आहे. ती म्हणेल तेव्हा."

सानवीचे डोळे भरून आले. टेम्पो रिकामाच वळला, आणि बाबा टपावरून उतरवलेलं करडू काखेत मारून आत गेले.

"आता करडं बरी झाली," गोठ्याच्या दाराशी उभा असलेला विनीत चाचरत म्हणाला. "मला यायला… काही कारणच उरलं नाही."

"मग?"

"कारण न सांगता आलो तर? तुझ्यासाठी… नुसतं तुझ्यासाठी?"

तिने दाराकडे वळून मोठ्याने हाक मारली, "बाबा, डॉक्टर जेवायला आहेत!"

"आज?" आतून आवाज आला.

सानवीने विनीतच्या डोळ्यांत पाहिलं.

"आजपासून!"