पाच सेंटिमीटरच्या आत

फेब्रुवारीत डॉक्टरबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं. दयानंदच्या यकृतात कर्करोगाची गाठ होती, पण एकच, साडेचार सेंटिमीटरची. पाचच्या आत आहे आणि रक्ताच्या शिरेत शिरलेली नाही, तोवर यकृत बदलता येतं. धाकट्या भावाचं, श्रीमंतचं, जुळत होतं. त्याच्यातलं अर्धं काढलं असतं तर ते पुन्हा वाढलं असतं.

पण दयानंद लातूरच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. "पोरांची नीटची परीक्षा सात मेला हाय. तेवढी होऊ दे," तो म्हणाला. लातुरात मे उजाडेपर्यंत कुठला मास्तर आजारी पडत नाही. "आन तुझ्यासारख्या चौथी नापासाचं यकृत बसवल्यावर मला सूत्रं आठवतील का, सांग."

"ऑटो चालवता येईल की, दादा," श्रीमंत म्हणाला होता.

परीक्षा झाली. तिसऱ्या दिवशी श्रीमंत त्याला आपल्या ऑटोत घालून रिपोर्ट आणायला गेला. गाठ सात सेंटिमीटरच्या वर गेली होती आणि शिरेत शिरली होती.

"आता नियमात बसत नाही," बाई हळू म्हणाल्या.

"नियम कुणाचा? मी द्यायलोय ना."

"तुम्ही दिलं तरी नव्या यकृतात तो रोग पुन्हा येईल. तुमचं चांगलं यकृत वाया जाईल."

श्रीमंतनं खुर्ची लाथाडली. दयानंदनं ती उचलून जागेवर ठेवली.

ऑटोत बसताना तो म्हणाला, "जुन्या गावाकडं घे."

जुनं गाव म्हणजे आता नुसते दगडांचे ढीग. भूकंपानंतर वस्ती दुसरीकडं उठून गेली. भूकंपाच्या त्या पहाटे आई, कस्तुराबाई, गेली होती. दोन वर्षांच्या श्रीमंतला बारा वर्षांच्या दयानंदनं हातांनी माती उपसून काढलं होतं.

दुपारचं ऊन होतं. दयानंद बाभळीखाली टेकला. श्रीमंत त्यांच्या घराच्या ढिगाजवळ गेला आणि अचानक पाखरांचा आवाज थांबला. नुकत्याच सारवलेल्या जमिनीचा ओला वास आला. दगडांच्या फटींतून उजेड वर येत होता, दिव्याचा नव्हे, पहाटेसारखा निळसर. खाली खूप माणसं असावीत... सगळी श्वास रोखून बसल्यासारखी.

"बारकं आलंय," एक बाई म्हणाली.

तो आवाज कधी ऐकल्याचं त्याला आठवत नव्हतं. तरी त्याचे गुडघे आपोआप जमिनीला टेकले. भीती वाटली, पण पळावंसं वाटेना. देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा शिरल्यासारखं झालं.

"देतोस...?"

"हाव," तो म्हणाला. "अर्धं न्हाई, सगळं घ्या."

"अर्धं पुरं हाय... निज."

डोळे उघडले तेव्हा ऊन उतरलं होतं. दयानंद त्याला गदागदा हलवत होता. "येड्या, कवाधरनं हाका मारायलोय."

श्रीमंतनं त्याला घरी आणलं. त्या रात्री दयानंद दोन भाकरी जेवला. श्रीमंतला वाटलं, झालं काम. महिनाभर त्याला तसं वाटत राहिलं. पुढं जेवण तुटलं, पोट फुगलं आणि जुलैत दयानंद गेला.

दहाव्याला नदीवर श्रीमंतनं सदरा काढला. शेषेराव मामा बघत राहिले. "श्रीमंता, हे ऑपरेशन कवा झालं?"

उजव्या बरगडीखालून बेंबीपर्यंत व्रण होता, भरून आलेला. आदल्या दिवशी अंघोळीच्या वेळी तो व्रण नव्हता.

मामांनी त्याला ओढतच सोनोग्राफीला नेलं. तिथला डॉक्टर नवा होता, या घरातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. त्यानं पोटावर यंत्र फिरवलं, पडद्याकडं पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

"यकृताचा उजवा भाग काढून दोनेक महिने झालेले दिसतात. राहिलेलं छान वाढतंय. काळजी करू नका."



डॉक्टरनं पोट पुसायला कागद दिला आणि सहज विचारलं, "ज्यांना दिलं, ते कसे आहेत आता?"