समासातला भांडखोर

हस्तलिखिताच्या पेटीवर दोघांचे हात एकदमच पडले. तिने आपला काढला नाही. त्यानेही नाही.

"आज ते माझं आहे," ती म्हणाली.

"असेल. पण शिवण सुटलीय त्याची. चार वर्षं रोज उघडताय ना? मग दुसरं काय होणार…"

ग्रंथालयात नव्याने आलेला बाइंडर होता तो. जुने ग्रंथ उसवून पुन्हा शिवायचा. ती संशोधक, आणि हट्टाला पेटली की कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हे. शेवटी असं ठरलं की सकाळी तिने वाचायचं, दुपारी त्याने शिवायचं; टेबल मात्र एकच.

हस्तलिखितात एका ख्रिस्ती साधूची प्रवचनं होती, चारशे वर्षांपूर्वीची. समासात बारीक अक्षरात शंका होत्या — 'देव ऐकतो हे कशावरून?' त्या शंका साधूच्या स्वतःच्याच, असा तिचा दावा होता. सगळा प्रबंध त्यावर उभा होता. तो तीन आठवड्यांत द्यायचा होता, आणि दिला की कॉलेजातली नोकरी पक्की होती.

सकाळचं वाचन हळूहळू दुपारपर्यंत लांबायला लागलं. खिडकीबाहेर पाऊस भुरभुरायचा, तो दोऱ्याला मेण लावायचा, आणि ती एकच ओळ चारदा वाचायची.

"पंडितबाई, पान उलटा की."

"तुमचं लक्ष दोऱ्याकडे असू द्या, वैद्यबुवा."

असं छान चाललेलं असताना एका दुपारी तो गप्प गप्प होता. तिने खोदून विचारलं तेव्हा त्याने एक पान उजेडात धरलं.

"हे मथळे बघा. वरून अर्धे कापलेत. नव्याने बांधताना कडा छाटतात, तेव्हा गेले. पण समासातलं एकही अक्षर कापलेलं नाही. कडेपाशी आलं की वळून खालच्या ओळीत जातं."

तिने कडेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे छाटल्यानंतर लिहिलंय," तो हळूच म्हणाला. "आणि ही बांधणी… साधू गेल्यावर ऐंशी वर्षांनी झालीय. शिवण उसवली तेव्हा पुठ्ठ्याच्या आत बांधणीचं साल सापडलं."

चार वर्षं समासात नाक खुपसून बसली होती, आणि कड एकदाही पाहिली नव्हती. तिने वह्या गोळा केल्या आणि निघून गेली. त्याचा तिला भयंकर राग आला होता. त्याचं बरोबर होतं म्हणून तर जास्तच.

तिच्या सरांनी ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. "कडा कोण बघत बसतंय? आहे तसा दे. नोकरी थांबायची नाही."

तिने एक दिवस विचार केला. आईने फोनवर विचारलं, "मग आता गं?" ती म्हणाली, "आता पुन्हा पहिल्यापासून, आई." एक वर्षाची मुदत तिने मागून घेतली, नोकरीला नकार कळवला आणि तडक ग्रंथालय गाठलं.

तिला पाहताच तो उभा राहिला. "मला वाटलं, तुम्ही माझं तोंडही बघणार नाही."

"नव्हतेच बघणार. गप्प का नाही बसलात? मला कधीच कळलं नसतं."

"बसणार होतो. दोन दिवस बसलोही. पण मग तुमच्याशी नीट बोलताच येईना…"

ती खुर्ची ओढून बसली. "हा भांडखोर कोण ते मला शोधायचंय. ऐंशी वर्षांनी येऊन मेलेल्या माणसाशी पानापानावर भांडला, पण पुस्तक शेवटपर्यंत सोडलं नाही. आणि कडांचं श्रेय तुम्हाला. तळटीपेत."

"आभारात नाही?"

"आभार काय, सगळेच मानतात. तळटीप म्हणजे पुरावा." मग ती थांबली… आणि ठरवून आलेलं बोलून टाकलं. "वर्षभर रोज इथे बसेन. पण काम संपल्यावरही मला तुमच्याच समोर बसायचंय. मला तुम्ही आवडता. याला पुरावा मागू नका, माझ्याकडे नाही."

त्याने हातातला दोरा खाली ठेवला.

"मागत नाही," तो म्हणाला. "पण आता 'तुम्ही' नको… 'तू' म्हण."